प्रोटीनमधली डोमेन्स कशी ओळखायची: सार्क किनेज समोर ठेवून

"मावशी, एकाच प्रोटीनला तीन साधनांनी तीन उत्तरं दिलीत. एक म्हणतंय डोमेन्स तीन, दुसरं म्हणतंय चार, तिसऱ्याने लांबलांबचे दोन तुकडे एकात बांधून टाकलेत. मी रिपोर्टमध्ये काय लिहू?"

माझी भाची एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्यातली दुपार, बडोद्यातलं दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर, खिडक्यांना ओले पडदे आणि जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप. तिला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. दुसरी गोष्ट ही, की स्वतः एकदा कॉन्टॅक्ट मॅप (प्रोटीनचा कोणता भाग कोणाला लागून आहे त्याचं चित्र) काढून डोळ्यांनी वाचल्याशिवाय कुठल्याही साधनाच्या उत्तरावर सही करायची नाही. पुढच्या चार दुपारी आम्ही जे केलं तेच इथे क्रमाने लिहिते आहे. पायथॉनची तोंडओळख आणि प्रोटीनच्या रचनेचं कॉलेजमधलं ज्ञान एवढी शिदोरी पुरे.

उदाहरण म्हणून तिचंच प्रोटीन घेते: माणसातलं सार्क किनेज, म्हणजे इतर प्रोटीन्सवर फॉस्फेट बसवणारं एक एन्झाइम. युनिप्रॉट या प्रोटीन्सच्या साठ्यातला नंबर पी१२९३१, लांबी ५३६ रेसिड्यू, म्हणजे साखळीतली अमिनो आम्लं. डोमेन ओळखण्यातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका प्रोटीनमध्ये भेटतात, म्हणून शिकायला ते फार चांगलं आहे.

डोमेन म्हणजे नेमकं काय हवंय?

आमच्या जुन्या गावात, मांडवीच्या आसपास, पोळ नावाच्या वस्त्या आहेत. घडियाळी पोळ घ्या. आतली घरं भिंतीला भिंत लावून उभी. सकाळपासून रात्रीपर्यंत माणसांची ये-जा बहुतेक आतल्या आत, बाहेर जायला मोजक्या वाटा. नकाशावर हद्द आखलेली नसली तरी कोण कोणाकडे किती जातं हे आठवडाभर मोजलं, तर पोळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते आपोआप दिसेल. रचनेवरून डोमेन शोधणाऱ्या बहुतेक पद्धतींच्या मुळाशी हीच मोजणी आहे. आतल्या आत संपर्क दाट, बाहेरच्यांशी विरळ.

पण डोमेनची व्याख्या एकच नाही. पोर्टर यांनी १९५९ मध्ये पपईतल्या पपेन एन्झाइमने अँटीबॉडी कापली आणि तिचे स्वतंत्रपणे काम करणारे तुकडे मिळाले. वेटलॉफर यांनी १९७३ मध्ये स्वतःच्या स्वतः घडी पडणारा स्थिर भाग, अशी कल्पना मांडली. उत्क्रांतीचा अभ्यास करणारा म्हणतो, जो तुकडा वेगवेगळ्या प्रोटीन्समध्ये पुन्हा पुन्हा सापडतो तो डोमेन. हालचालीचा अभ्यास करणारा म्हणतो, जो भाग एकसंध हलतो तो डोमेन. क्लोनिंग करणाऱ्याला फक्त एवढंच हवं असतं, की हा तुकडा वेगळा काढला तर तो विरघळलेला राहील का.

किनेजवरच हा मतभेद उघड दिसतो. किनेजच्या भागाला दोन लोब असतात: वरचा लहान, मुख्यतः बीटा शीटचा, आणि खालचा मोठा, हेलिक्सचा. कॅथ या वर्गीकरणात हे दोन लोब दोन वेगळी डोमेन्स आहेत, ३.३०.२००.२० आणि १.१०.५१०.१०. स्कॉपमध्ये मात्र दोन्ही मिळून एकच. कॅथ घडीकडे बघतं, स्कॉप असं बघतं की हे दोन लोब निसर्गात जोडीनेच येतात आणि एन्झाइमचं काम दोघांच्या मधल्या फटीत चालतं. भाचीच्या "तीन की चार" या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

म्हणून पहिली पायरी कागदावरची: मला हे डोमेन कशासाठी हवंय, ते एका वाक्यात लिहा. भाचीने लिहिलं, "एसएच२ डोमेन एकटं बॅक्टेरियात तयार करायचंय." एसएच२ हे सार्कमधलं एक डोमेन. पुढचे सगळे निर्णय त्या वाक्यावरून झाले.

फाइल हातात आल्यावर

रचना दोन ठिकाणांहून येते: प्रयोगातून मिळालेली, पीडीबी या रचनांच्या साठ्यातली, किंवा अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमने भाकीत केलेली. जमेल तेव्हा दोन्ही घ्या. सार्कसाठी पीडीबीत २एसआरसी आणि १एफएमके या बंद, निष्क्रिय अवस्थेतल्या रचना आहेत आणि १वाय५७ ही खुल्या मांडणीची आहे. जुन्या पीडीबी फॉरमॅटपेक्षा एमएमसिफ घ्या, मोठ्या प्रोटीन्सना तोच पुरतो.

या टप्प्यावर मुलं घाई करतात आणि पुढे दोन दिवस चूक शोधत बसतात. तीन जागा मुद्दाम तपासा.

एक, क्रमांक. सार्कवरचं बरंच जुनं काम कोंबडीच्या सार्कवर झालं, त्यामुळे पेपरांमध्ये कोंबडीचे क्रमांक रुळले. शेपटातलं जे टायरोसिन पेपरमध्ये ५२७ असतं ते माणसाच्या युनिप्रॉट क्रमवारीत ५३०. तीनाचा फरक. प्रायमर (क्लोनिंगला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) काढताना तीन रेसिड्यूंचा फरक म्हणजे नऊ बेसचा. पीडीबी आणि युनिप्रॉट यांचे क्रमांक एकमेकांशी जोडून देणारी सिफ्ट्स नावाची मांडणी आहे. तिच्यावरून सगळं एकदाच युनिप्रॉटच्या क्रमांकात आणा आणि नंतर दुसरी क्रमवारी वापरूच नका.

दोन, गळालेले रेसिड्यू. सेलेनोमेथिओनिन किंवा फॉस्फोटायरोसिन यांसारखे बदललेले रेसिड्यू फाइलमध्ये हेटेरो अणू म्हणून नोंदवलेले असतात. बायोपायथॉनमध्ये पाणी आणि लिगँड (प्रोटीनला चिकटलेले छोटे रेणू) गाळायला आपण हेटेरो सरसकट काढून टाकतो आणि त्यांच्यासोबत साखळीतले हे रेसिड्यूही जातात. साखळी मधेच तुटलेली दिसते आणि प्रोग्रॅमला तिथे सीमा असल्याचा भास होतो. पाणी नावाने काढा, लिगँड नावाने काढा, बाकी राहू द्या. शिवाय स्फटिकात हलणारे लूप दिसतच नाहीत, त्यामुळे काही रेसिड्यूंना जागाच दिलेली नसते. ही रिकामी जागा मॅपमध्ये रिकामीच ठेवा, क्रमांक सरकवून बुजवू नका.

तीन, अल्फाफोल्डची फाइल असेल तर प्रत्येक रेसिड्यूचा पीएलडीडीटी हा विश्वासाचा आकडा बी-फॅक्टरच्या रकान्यात असतो. ९० च्या वर उत्तम, ७० ते ९० चांगला, ५० च्या खाली असेल तर तो भाग बहुधा सुटा, घडी नसलेला. सार्कचे सुरुवातीचे सुमारे ८० रेसिड्यू असेच सुटे आहेत. असे लांब पट्टे आधीच बाजूला काढा. पण मधलाच पाच-सहा रेसिड्यूंचा कमी विश्वासाचा लूप काढू नका, तो डोमेनचाच भाग असतो.

कॉन्टॅक्ट मॅप काढा आणि वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या मते हे कौशल्य कोणत्याही न्यूरल नेटवर्कपेक्षा जास्त काळ उपयोगी पडतं.

प्रत्येक रेसिड्यूचा बीटा कार्बन घ्या. ग्लायसिनला तो नसतो, तिथे अल्फा कार्बन. प्रत्येक जोडीतलं अंतर काढा. ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असेल तर संपर्क आहे, नाहीतर नाही. साखळीत एकमेकांच्या चार जागांच्या आत असलेल्या जोड्या सोडून द्या, त्या शेजारी असल्यामुळेच जवळ असतात. नमपायमध्ये हे आठ-दहा ओळींचं काम आहे. मॅटप्लॉटलिबने काळ्या-पांढऱ्या चित्रात काढा, दोन्ही अक्षांवर रेसिड्यू क्रमांक.

आता वाचन. चित्रात तिरका कर्ण दिसतो. कर्णाला चिकटून जाड पट्टा असेल तिथे हेलिक्स. कर्णाला काटकोनात बाहेर निघणारी रेघ म्हणजे दोन बीटा स्ट्रँड उलटसुलट दिशेने शेजारी. कर्णाला समांतर पण दूर असलेली रेघ म्हणजे एकाच दिशेने जाणारे स्ट्रँड, किंवा एकमेकांवर टेकलेल्या हेलिक्स असतील तर तुटक ठिपक्यांची माळ. आणि डोमेन म्हणजे कर्णावर बसलेला दाट ठिपक्यांचा चौकोन, ज्याच्या वरची आणि बाजूची जागा मोकळी.

सार्कचा मॅप काढला तेव्हा भाचीला तीन चौकोन लगेच दिसले. युनिप्रॉटनुसार एसएच३ हे ८४ ते १४५, एसएच२ हे १५१ ते २४८ आणि किनेज २७० ते ५२३. तिसरा चौकोन मोठा, आणि नीट पाहिलं तर त्याच्या आत ३४० च्या थोडं पुढे एक कंबर दिसते. तीच दोन लोबांमधली बिजागरी.

"मावशी, पण कर्णापासून इतक्या दूर हे ठिपके कसले?"

खरी गंमत तिथे आहे. एक ठिपक्यांचा पुंजका एसएच३ आणि २५० च्या आसपासच्या पट्ट्यात होता. एसएच२ आणि किनेज यांच्यामधला जो जोडपट्टा आहे तो प्रोलिनच्या वळणाने एसएच३ च्या खोबणीत जाऊन बसतो. दुसरा पुंजका एसएच२ आणि साखळीच्या अगदी शेवटी: ५३० चं टायरोसिन फॉस्फेट घेऊन एसएच२ च्या खिशात अडकतं. हे दोन कुलूप लावून सार्क स्वतःला बंद ठेवतो. जीवशास्त्राच्या दृष्टीने हे ठिपके अनमोल आहेत, पण डोमेन कापणाऱ्या प्रोग्रॅमला ते चकवतात. तिसऱ्या साधनाने जोडपट्टा एसएच३ ला बांधून टाकला होता तो याच कारणाने.

मग खरंच दोन तुकड्यांत विभागलेलं डोमेन आणि असं कुलूप यांत फरक कसा करायचा? दाटपणा पाहा. पायरुवेट किनेजमध्ये मुख्य बॅरलच्या (स्ट्रँड गोलाकार उभे राहून झालेल्या पिंपाच्या) तिसऱ्या स्ट्रँडनंतर साखळी बाहेर पडते, सुमारे शंभर रेसिड्यूंचं वेगळं बी-डोमेन घडवते आणि परत येऊन तेच बॅरल पूर्ण करते. तिथे कर्णापासून दूर भरगच्च आयत दिसतो, त्यात समांतर रेघा असतात, म्हणजे एकाच शीटचे स्ट्रँड दोन्ही तुकड्यांत वाटलेले असतात. सार्कच्या कुलपात तसलं काही नाही, ठिपके मोजके आणि फक्त पृष्ठभागावरचे.

कात्री कुठे लावायची, याचं गणित

डोळ्यांनी पाहिल्यावर आकड्यांकडे या. सिद्दीकी आणि बार्टन यांनी १९९५ मध्ये डोमॅक या पद्धतीत वापरलेलं सूत्र इतकं साधं आहे की ते स्वतः लिहून बघायला हवंच. साखळी एका जागी कापा. डावा भाग अ, उजवा ब. अ च्या आतले संपर्क मोजा, ब च्या आतले मोजा आणि दोघांमधले मोजा. मग अ च्या आतल्या संपर्कांना मधल्या संपर्कांनी भागा, ब च्या आतल्यांनाही तसंच भागा आणि दोन्ही भागाकारांचा गुणाकार करा.

समजा एकूण ७२० संपर्क आहेत. योग्य जागी कापलं तर ४०० आणि ३०० आत, मधे फक्त २०. भागाकार २० आणि १५, गुणाकार ३००. हीच कात्री डोमेनच्या पोटात घुसली तर २५० आणि ३३० आत, मधे १४०. गुणाकार जेमतेम ४.२. फरक एवढा मोठा पडतो की संशयाला जागा राहत नाही.

पण याच आकड्यांत सापळाही आहे. साखळीच्या टोकाला बारा रेसिड्यूंची शेपटी लोंबकळतेय, तिच्या आत ८ संपर्क, बाकीच्यांशी १ आणि उरलेल्यांच्या आत ७११. गुणाकार ५६८८. सूत्राला वाटेल, हीच सर्वात उत्तम सीमा. म्हणून लहानात लहान डोमेनची मर्यादा घाला. ४० रेसिड्यू ठीक. मधले संपर्क शून्य आले तर भागाकार कोलमडतो, तेव्हा मधल्या संपर्कांच्या आकड्यात १ मिळवून ठेवा.

एका कात्रीने पायरुवेट किनेजसारखं प्रोटीन कापता येत नाही, तिथे दोन कात्र्या लागतात: इथपासून तिथपर्यंतचा मधला तुकडा एका बाजूला, उरलेली दोन्ही टोकं मिळून दुसऱ्या बाजूला. सार्कच्या घडी असलेल्या ४५३ रेसिड्यूंसाठी अशा जोड्या १,०२,३७८ होतात. प्रत्येक जोडीसाठी संपर्क नव्याने मोजत बसलात तर चहा होईल, जेवण होईल, प्रोग्रॅम चालूच राहील. उपाय असा: संपर्कांच्या तक्त्याची आडवी आणि उभी चढती बेरीज एकदाच करून ठेवा. मग कोणत्याही चौकोनातले एकूण संपर्क चार कोपऱ्यांच्या आकड्यांवरून मिळतात आणि लाखभर जोड्या बघता बघता होतात.

सर्वात मोठा आकडा देणारी कात्री घ्या, मग मिळालेल्या प्रत्येक तुकड्यावर तेच पुन्हा करा. थांबायचं कधी? आकडा एका उंबऱ्याच्या खाली गेला की. हा उंबरा कुठल्या पेपरातून उचलू नका, ओळखीच्या प्रोटीन्सवर स्वतः ठरवा. मायोग्लोबिन, १५३ रेसिड्यू, एकच डोमेन: तुमच्या प्रोग्रॅमने ते कापायला नको. ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज, एकच बॅरल: तेही नको. डोळ्याच्या भिंगातलं गॅमा-बी क्रिस्टलिन, जवळजवळ सारख्या आकाराची दोन डोमेन्स: ते बरोबर मधे कापायलाच हवं. या तिन्हींवर जो उंबरा खरा उतरतो तिथून सुरुवात करा. मायोग्लोबिन मुद्दाम सांगते, कारण सगळ्या हेलिक्स असलेल्या प्रोटीन्समध्ये दूरचे संपर्क मुळातच कमी असतात आणि प्रोग्रॅम त्यांना उगाच कापायला धावतो.

शीट तोडायची नाही

ही पायरी लहान आहे, पण माझ्या हातून ती एकदा सुटली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लॅबमध्ये काम करताना मी एका प्रोटीनच्या डोमेनची सीमा फक्त अनुक्रमाच्या मांडणीवरून ठरवली. तुकडा क्लोन झाला, बॅक्टेरियाने भरपूर प्रोटीन केलं आणि सगळंच्या सगळं इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे न विरघळणाऱ्या गोळ्यांत, गेलं. तापमान उतरवलं, आयपीटीजी (बॅक्टेरियाला प्रोटीन करायला लावणारं रसायन) कमी केलं, दुसरा स्ट्रेन घेतला. तीन महिने गेले. मग कोणीतरी रचना उघडून दाखवली: शीटचा शेवटचा स्ट्रँड माझ्या सीमेच्या पलीकडे राहिला होता. उघडी पडलेली शीटची कड एकमेकींना चिकटत होती. ते तीन महिने एका शिष्यवृत्तीवरच्या मुलीचे होते, आणि याची खंत मला आजही आहे.

म्हणून कापाकापी झाली की डीएसएसपी चालवा. कॅब्श आणि सँडर यांची १९८३ सालची ही पद्धत आजही रोजच्या वापरात आहे. हायड्रोजन बंध पाहून ती प्रत्येक रेसिड्यूला हेलिक्स, स्ट्रँड की लूप असा शिक्का देते. तुमची सीमा हेलिक्स किंवा स्ट्रँडच्या मधे पडली असेल तर जवळच्या लूपमध्ये सरकवा. एकाच शीटचे स्ट्रँड सीमेच्या दोन्ही बाजूंना पडत असतील तर ती सीमाच चुकीची आहे, सरकवून भागणार नाही. २००० सालच्या डोमेनपार्सर या पद्धतीत हीच काळजी गणितात बसवलेली आहे: प्रोटीनला पाण्याच्या नळांचं जाळं समजायचं, स्ट्रँडमधल्या नळाला जास्त रुंदी द्यायची आणि कमीत कमी पाणी वाहतं तिथे कापायचं.

अल्फाफोल्डचं पीएई: काय सांगतं, काय नाही

अल्फाफोल्डच्या साठ्यात २०२२ पासून २० कोटींहून जास्त रचना आहेत आणि प्रत्येकीबरोबर पीएई नावाचा चौकोनी तक्ता मिळतो. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. एका रेसिड्यूवर भाकीत आणि खरी रचना जुळवली, तर दुसरा रेसिड्यू किती अँगस्ट्रॉमने चुकलेला असेल, याचा अंदाज म्हणजे पीएई. एकाच डोमेनमधल्या रेसिड्यूंची एकमेकांशी जागा पक्की असते, म्हणून तिथे आकडा लहान. सैल लिंकरने (जोडपट्ट्याने) जोडलेल्या दोन डोमेन्समध्ये तो मोठा.

वापरायची रीत अशी. प्रत्येक रेसिड्यू एक बिंदू. ज्या जोडीचा पीएई ५ अँगस्ट्रॉमच्या आत, त्यांच्यामध्ये रेघ आणि रेघेचं वजन पीएईच्या व्यस्त प्रमाणात. मग पायथॉनच्या नेटवर्कएक्समध्ये मॉड्युलॅरिटीने, म्हणजे आत रेघा दाट आणि बाहेर विरळ असे, गट पाडा. हाताने करायचं नसेल तर कायमेराएक्स या रचना बघण्याच्या प्रोग्रॅममध्ये पीएईवरून डोमेन्सना रंग देण्याची सोय तयार आहे. तक्ता दोन्ही दिशांनी सारखा नसतो, तेव्हा दोन्ही आकड्यांची सरासरी घ्या. गट पाडताना रेझोल्यूशनचा जो आकडा असतो तो तीन-चार वेळा बदलून बघा. ज्या सीमा आकडा बदलूनही जागच्या हलत नाहीत त्या खऱ्या; ज्या येतात-जातात त्या लोबांसारख्या, मताच्या.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात लिहून ठेवण्यासारखी आहे: पीएई डोमेन सांगत नाही, खात्री सांगतं. दोन डोमेन्स एकमेकांना घट्ट लागून असतील आणि अल्फाफोल्डला त्याची खात्री असेल, तर पीएईमध्ये ती एकच दिसतील. आपल्या पोळ वस्तीच्या भाषेत, दोन पोळ वस्त्यांची दारं समोरासमोर असली म्हणून त्या एक होत नाहीत.

तयार साधनं आणि त्यांच्यातली भांडणं

इथवर आलात की साधनांची उत्तरं वाचण्याची नजर येते. आज तीन नावं लक्षात ठेवा. मेरिझो आणि चेनसॉ ही दोन्ही न्यूरल नेटवर्कवर चालतात आणि कॅथच्या वर्गीकरणावर शिकलेली आहेत. युनिडॉक संपर्कांच्या गणितावर चालतं. या तिघांच्या एकमतावर २०२४ मध्ये टेड नावाचा मोठा संग्रह उभा राहिला, अल्फाफोल्डच्या २१ कोटींहून जास्त रचनांमधून ३६ कोटींहून जास्त डोमेन्स. तुमचं प्रोटीन त्यात असेल तर आधी तिथे बघायला काहीच हरकत नाही.

कॅथवर शिकलेलं साधन किनेजचे दोन तुकडे करणार, हे आता तुम्हाला आधीच सांगता येईल. ती साधनाची चूक नव्हे, ते त्याच्या शाळेचं वळण आहे. तुमचं उत्तर आणि साधनांची उत्तरं एका कागदावर एकाखाली एक पट्ट्यांनी काढा. जिथे सगळ्यांच्या सीमा दहा-बारा रेसिड्यूंच्या आत येतात ती जागा पक्की धरा. जिथे फाटतात तिथे परत मॅपकडे जा आणि कारण शोधा. नुसतं बहुमत मोजू नका, एकाच शाळेत शिकलेल्या दोघांचं मत म्हणजे दोन साक्षी नव्हेत.

खरी स्वतंत्र साक्ष उत्क्रांतीची. तुमच्या सीमांनी कापलेला तुकडा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि फोल्डसीक किंवा डाली या जुळणाऱ्या रचना शोधणाऱ्या साधनांना द्या. तो तुकडा इतर प्रोटीन्समध्ये, वेगळ्या शेजाऱ्यांबरोबर सापडतो का ते बघा. टीएम-स्कोअर (दोन घड्या किती जुळतात याचा ० ते १ मधला आकडा) ०.५ च्या वर असेल तर घडी तीच असं साधारण मानतात. एसएच२ टाकलं की तो सार्कशी दूरचं नातं असलेल्या प्रोटीन्समध्येही मिळतो, कधी किनेजशिवाय, कधी एसएच३ शिवाय. जोडपट्टा चिकटवलेला एसएच३ टाकला तर जुळणी फक्त एसएच३ वर होते आणि जोडपट्टा कोरा राहतो. इंटरप्रो या डोमेन्सच्या संग्रहात अनुक्रमावरून मिळालेल्या सीमाही ताडून बघा, पण त्या टोकांना बऱ्याचदा आखूड असतात. माझा तो गेलेला स्ट्रँड अशाच आखूड टोकामुळे गेला होता.

हालचालीची साक्ष हवी असेल तर एकाच प्रोटीनच्या दोन अवस्था शेजारी ठेवा. २एसआरसी आणि १वाय५७ यांची किनेजचा खालचा लोब धरून जुळणी केली की एसएच३ आणि एसएच२ वेगळ्या जागी गेलेले दिसतात, पण प्रत्येकाची आतली घडी तशीच. ॲडेनिलेट किनेजमध्ये, म्हणजे ४एकेई आणि १एकेई या जोडीत, झाकणाचा भाग तर डोळ्यांदेखत मिटताना दिसतो. असे भाग शोधायला डायनडॉम वापरा.

क्लोनिंगपर्यंत

भाचीला शेवटी एक सीमा नको होती, प्रायमर हवे होते. संगणकातून मिळालेली सीमा प्रयोगासाठी नेमकी नसते, तिला पाच-दहा रेसिड्यूंची सैल किनार असते. म्हणून एकच तुकडा मागवू नका. सुरुवातीच्या तीन जागा आणि शेवटच्या तीन जागा निवडा, सगळ्या लूपमधल्या, आणि त्यांच्या नऊ जोड्या करा. पैसे तेवढे नसतील तर दोन आणि दोन, चार जोड्या. टोकावर पाण्याला घाबरणारे मोठे रेसिड्यू उघडे राहत नाहीत ना, तेवढं बघा. पूर्ण प्रोटीन आधीच हातात असेल तर थोड्याशा ट्रिप्सिनने थोडाच वेळ पचवून मास स्पेक्ट्रोमेट्री करा. एन्झाइम सैल जागीच कापतं आणि तुमच्या गणिताला त्याचं उत्तर मिळतं.

चौथ्या दुपारी तिने चार तुकडे ठरवले. सुरुवात १४५ किंवा १४८, शेवट २४९ किंवा २५२. जोडपट्ट्यातला प्रोलिनचा भाग मुद्दाम बाहेर ठेवला. तिच्या रिपोर्टमध्ये त्या पानावर आता एक कॉन्टॅक्ट मॅप आहे, त्यावर तीन चौकोन निळ्या रेघेने, दोन कुलपांवर लाल वर्तुळं, आणि खाली लिहिलंय: "डोमेन्स तीन, रचना आणि उत्क्रांती या दोन्ही अर्थांनी, किनेजचे दोन लोब कॅथनुसार वेगळे मोजल्यास चार. क्रमांक युनिप्रॉटचे, माणसाच्या सार्कचे."